मूळची चाकं

"सोनेरीच दाखव," ग्लेनिस म्हणाली. "आणि रुंदातले रुंद टायर."

डेसने चहाचा मग खाली ठेवला. लेम्स्टरच्या त्या गॅरेजात जुन्या गाड्यांना चाकं बसवण्यात त्याची हयात गेली होती, पण साठ सालच्या हिरव्या एमजीला सोनेरी चाकं आजवर कुणी मागितली नव्हती.

"अगं, आजीबाईला मिनीस्कर्ट घातल्यासारखं दिसेल ते."

"दिसू दे. क्लाइव्हला फोन केलास ना?"

"तू सांगितलंस म्हणून केला. येतोय धापा टाकत."

ग्लेनिसच्या मनात उकळ्या फुटत होत्या. तिचा नवरा क्लाइव्ह तिला सोडून जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या शीलाबरोबर राहायला गेला. गाडी ग्लेनिसच्या आईच्या पैशांतून आलेली, म्हणून घटस्फोटात कोर्टाने ती ग्लेनिसला दिली. पण हातात आली ती गंजक्या, भिकार चाकांवर. कारखान्यातून गाडी ज्या आऱ्यांच्या चाकांवर निघाली होती, ती "कधीच विकली" असं क्लाइव्हने कोर्टात तोंड वर करून सांगितलं. विकली म्हणे! पोटच्या पोरासारखी जपलेली चाकं हा माणूस विकेल? शेडमध्ये गोणपाटाखाली असणार. तिला ती हवी होती, आणि क्लाइव्हने स्वतःच्या हातांनी आणून द्यायला हवी होती.

क्लाइव्ह आला तो दारातच थबकला. हिरव्या दाराला टेकून एक सोनेरी चाक उभं होतं.

"हे काय थेर आहेत?"

"चाकं निवडतेय. सोनेरी बरं की काळं?"

"ग्लेनिस, ही गाडी आहे, जत्रेतला पाळणा नाही! रॉय ट्रँटर क्लबाच्या मेळाव्यात पोट धरधरून हसेल. दरवर्षी चषक पळवतो तेवढं पुरत नाही का मेल्याला? आऱ्यांची लाव. रुपेरी, अरुंद टायरची."

"मूळची कुठून आणू? तूच तर विकलीस."

"नवी मिळतात तशी. हुबेहूब."

"नकली नकोत. नकली माणसाबरोबर जन्म काढला, तेवढं बास." ती डेसकडे वळली. "चढव रे ही. टायर घासत असेल तर चाकावरची पत्र्याची कमान काप."

डेसने पत्रा कापायचा ग्राइंडर उचलून सुरू केला. तो कापणार नव्हता. हे ग्लेनिसला माहीत होतं, क्लाइव्हला नव्हतं.

"थांब!" क्लाइव्ह गाडीला आडवा झाला. चेहरा पांढराफटक. "आहेत. मूळची आहेत. आणतो मी."

"कुणाकडे आहेत?"

"माझ्याकडे."

"मग कोर्टात काय सांगितलंस?"

"खोटं सांगितलं."

"जरा मोठ्याने. डेसला या आवाजात ऐकू आलं नाही."

"खोटं सांगितलं मी!" क्लाइव्ह ओरडला. डेसने ग्राइंडर बंद केला.

क्लाइव्ह चाकं घेऊन परत आला तेव्हा ती खरोखरच गोणपाटात होती. एक आरा ढिला नव्हता. डेसने त्यांवर अरुंद टायर चढवले. चाकं मात्र क्लाइव्हने स्वतःच बसवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चाकाच्या मधोमध दोन कानांचा चकचकीत नट, आणि तो आवळायला नटाच्या कानावर तांब्याच्या हातोडीचे ठोके.

ग्लेनिस ती हातोडी बघत राहिली. संसार केला तेवढी वर्षं तिने मेळाव्यांसाठी सँडविचं बांधली, पण नटाला बोट लावलं की क्लाइव्ह म्हणायचा, "हात काढ, डाग पडतील." हातोडी मागितली तर म्हणायचा, बायकांचा ठोका वाकडा पडतो. मग एका रविवारी ती डबा घेऊन जरा उशिरा मैदानावर पोचली. शीला चाकापाशी उकिडवी बसली होती, हातात हीच हातोडी, तिच्या हातावर याचा हात. दोघं हसत होती. तो डबा ग्लेनिसने तिथेच गवतात उपडा केला होता. आजही आठवलं की तिच्या अंगाची लाही व्हायची.

क्लाइव्ह उठला, मागे सरून गाडी बघू लागला. डोळे भरून आले होते त्याचे.

"बघ, आता कशी दिसतेय. वीसेक मैल चालव नि परत आण हं. नट जरा सैल होतात, पुन्हा ठोकावे लागतात. कधीही आण. मी ठोकून देईन."

"हातोडी दे," ग्लेनिस म्हणाली.

त्याने दिली. तिने शेवटच्या नटावर एकच ठोका घातला. खणखणीत आणि सरळ.

"परत आणायची नाही मी. ते आता रॉय बघेल."

"कोण रॉय?"

"ट्रँटर. उद्या सकाळी गाडी विकत घेऊन जातोय. सगळं पसंत होतं त्याला, फक्त मूळची चाकं हवीत म्हणाला."

क्लाइव्ह मटकन खाली बसला. आधाराला म्हणून त्याने समोरचं चाक धरलं, आणि धरलं ते सोडेना.

ग्लेनिसने हातोडी पर्समध्ये टाकली.

"हात काढ," ती म्हणाली. "डाग पडतील."