तक्रारीचा तास

“पुन्हा म्हण, सोजरबाई. काय गेलं?” दिगंबर सरांनी कपाळावर हात मारला. “पाकीट. स्वारगेटच्या स्टँडवर पाकीट मारलं. एवढं एक वाक्य पाठ होत नाही?”

पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या वर्गात तक्रार लिहून घेण्याचा सराव चालला होता. प्रशिक्षणार्थी शरच्चंद्र ठाणे अंमलदार होऊन टेबलामागे बसला होता. तक्रारदार म्हणून सरांनी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या सोजरबाईंना धरून आणलं होतं. “तक्रारदार असाच असतो,” त्यांनी वर्गाला सांगितलं होतं, “अर्धवट आणि रडका.”

वर्गात बसलेल्या परवीनला सरांच्या नुसत्या आवाजाचीही आता शिसारी येई. प्रशिक्षणाला पाच महिने झाले होते. पहाटेचं धावणं, उन्हातली कवायत, पायांचे फोड, हे सगळं ती गृहीत धरूनच बिबवेवाडीतून निघाली होती. पण दारात आलेल्या माणसाला हिडीसफिडीस कसं करायचं, तेही इथे शिकवतील असं तिला वाटलं नव्हतं. तोंडी परीक्षेचे गुण सरांच्या हातात, म्हणून त्यांच्या विनोदांना सगळे हसत. तीही हसे. त्याची तिला जास्त किळस येई.

“माझी पोरगी हरवलीया,” सोजरबाई म्हणाल्या.

शरच्चंद्र गडबडला, मग सावरला. “वय?”

“एकोणीस.”

“मग हरवली कसली? पळाली असेल. पेढे वाट!”

वर्ग खिदळला. “शाब्बास!” सर ओरडले. “याला म्हणतात अंमलदार!”

सोजरबाईंचा चेहरा तसाच होता. फक्त पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट आवळलं होतं. परवीनचं हसू ओठांवरच थिजलं. ती उठली आणि शरच्चंद्रच्या पुढ्यातली वही तिने ओढून घेतली.

“मावशी, बसा. मुलीचं नाव?”

“मंदाकिनी.”

“कधीपासून घरी नाही?”

“सहा वर्सं झाली. तवा एकोणीस वर्सांची हुती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी कामाला म्हनून गेली.”

“परवीन, जागेवर जा,” सर म्हणाले. “गुण हवेत ना?”

परवीन लिहीत राहिली. “तेव्हा तक्रार दिली नाहीत?”

“गेले की. तीन दिस चौकीच्या पायरीवर बसून हुते. लिहूनच घेतलं न्हाई.”

“कोणी?”

सोजरबाईंनी मान वर करून सरांकडे बोट दाखवलं. “ह्यांनीच. दोन वर्सं झाली, हितं रोज चहा देते ह्यांना. अजून वळखलं न्हाई मला.”

सरांनी पहिल्यांदाच त्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

परवीनने नवी ओळ सुरू केली.

“सर,” ती म्हणाली, “आपलं पूर्ण नाव?”