मंगळवारची होडी

"मी हे लिहिणार नाही, सर," अराबा म्हणाली आणि तिनं पेनाला टोपण घातलं.

आमिसा सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. इतिहासाचं पुस्तक शाळेत एकच, तेही सरांच्या कपाटात. सर सांगणार, पोरं उतरवून घेणार. आजचं वाक्य होतं : एका मंगळवारी सकाळी क्वेकू ओटू होडी घेऊन गोऱ्यांच्या जहाजावर गेला आणि रमच्या एका पिंपापायी गावची टेकडी विकून आला.

क्वेकू ओटू म्हणजे अराबाच्या पणजीचा बाप.

"लिही की," मागून फिफी म्हणाला. "घरचीच गोष्ट आहे तुझी, टेकडीविके."

वर्ग खिदळला. हे नाव तिला पहिल्या वर्षापासून चिकटलं होतं. मागच्या सत्रात तर ती दप्तर कोपऱ्यात टाकून घरीच बसली होती. पणजीनं कशीबशी परत धाडली.

"खोटं आहे हे," अराबा म्हणाली.

"पुरावा?" सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"पुरावा नाही. पण खोटं आहे."

"इतिहासात 'पण' चालत नाही. बाकीच्यांनी लिहा. आणि वार विसरू नका. वार गेला की मार्क गेला."

प्रकरण टाविया मॅडमकडे गेलं. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं सरळ होतं. येत्या शुक्रवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर सरांची माफी मागायची, नाहीतर शेवटच्या परीक्षेला बसायचं नाही. शिवाय शिक्षा. शिक्षा काय ते सरांनी ठरवावं.

"टेकडीच्या उतारावरचं गवत कापायचं. समुद्राकडच्या अंगाला," सर म्हणाले. "मंगळवारी."

"उद्याच कापते की."

"मंगळवारी म्हटलं ना."

घरी नाना एफुआ, म्हणजे तिची पणजी, भट्टीवर मासे धुरवत होती. म्हातारीला दात नव्हते, पण जीभ होती. अराबानं सगळं सांगितलं.

"मागू का माफी?"

"माग की. मग मला नाना म्हणू नकोस."

"नाना, तो खरंच गेला नव्हता ना जहाजावर?"

नानानं मासा उलटला. धूर डोळ्यांत गेला म्हणून की काय, तिनं तोंड फिरवलं. "वार कुठला सांगितला म्हणालीस?"

"मंगळवार."

"हं." तिनं दोन मासे पानात गुंडाळले. "हे उद्या मास्तरला दे."

"तो मला उन्हात गवत कापायला लावणार, आणि त्याला मासे?"

"गवत कापायला लावणाऱ्याला काय भूक लागत नाही होय?"

मंगळवारी अराबा कोयता घेऊन उतारावर गेली. ऊन मी म्हणत होतं. फिफी आणि त्याची टोळी वरून ओरडून गेली, "कापून झालं की विकून टाक गं!" ती कापत राहिली. कंबर सरळ करायला उभी राहिली आणि सहज खाली बघितलं.

किनाऱ्यावर होड्याच होड्या. निळ्या, पिवळ्या, लाल, सगळ्या वाळूवर. बापे जाळी शिवत बसले होते, कुणी सोंगट्यांवरून भांडत होते. पाण्यात एक काडी नव्हती.

असणार कशी? मंगळवार समुद्राचा. त्या दिवशी पाण्यात होडी घालायची नाही, हे गावात रांगतं पोरही जाणतं. पण वहीतला मंगळवार आणि गावातला मंगळवार यांची गाठ घालतो कोण?

अराबाचा कोयता गवतातच राहिला.

शुक्रवारी प्रार्थनेला ती सगळ्या शाळेसमोर उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "हं. माग माफी."

"एक विचारू, मॅडम? मग मागते." तिनं रांगेकडे बघितलं. "फिफी, तुझा बाप होडीवाल्यांचा म्होरक्या. मंगळवारी जातो तो समुद्रात?"

"डोकं फिरलंय का तुझं? मंगळवारी कोण जातं?"

"तुझा आजा जायचा?"

"कुण्णी नाही जात. समुद्र गिळेल."

"मग माझा म्हातारा बरा गेला, होडी घेऊन, पिंप आणायला." "मी मंगळवारी जन्मले म्हणून माझं नाव अराबा. माझ्याच वारी माझ्या घरावर बालंट घ्यायचं, आणि माफीही मीच मागायची? नाही मागणार. परीक्षेला बसवा नाहीतर नका बसवू."

कुणी हसलं नाही. फिफी बोटांवर काहीतरी मोजत राहिला.

मॅडमनी सरांकडे बघितलं. "पुस्तक काय म्हणतंय?"

"पुस्तकाला वाळवी लागलीय, मॅडम," आमिसा सर म्हणाले. "पोरीचं बरोबर आहे. खोडा रे ते वाक्य सगळ्यांनी."

अराबा परीक्षेला बसणार हे ठरलं. ते नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

रविवारी ती चर्चमध्ये गायला गेली. जाताना कडेकडेनं नाही, गल्लीच्या मधून चालत गेली. तेव्हा नानाच्या मागच्या दारी एक माणूस हात धुऊन बसला. नानानं त्याच्यापुढे आंबवलेल्या मक्याचा गोळा, केंके, मिरचीचा ठेचा आणि धुरवलेला मासा ठेवला.

"चालली कशी, बघितलंस का, मास्तर?"

"बघितलं. ताठ." आमिसा सरांनी काखेतलं पुस्तक भट्टीशेजारी ठेवलं. वाळवीचा एक डागही त्यावर नव्हता. "मंगळवार सांग, असं तुम्ही म्हणालात तेव्हा वाटलं होतं, पहिल्याच दिवशी वर्ग ओरडेल. एकानं मान वर केली नाही, नाना. गवत कापायला लावावं लागलं."

"पोरगी घरी बसली असती, त्यापेक्षा बरं."

सरांनी घास मोडला. मग हळूच विचारलं, "यात बुधवार छापलाय. तो तरी खरा का?"

"खरा नसायला काय झालं?" नानानं पुस्तक उचलून भट्टीत सारलं. "नावच क्वेकू. बुधवारी जन्मला, सगळे उद्योग बुधवारीच करायचा. आणि पिंप एक नव्हतं रे, दोन होती."