अर्धी मिठी

नवरा सोडून गेल्यापासून वर्ना एकटीच राहत होती. क्लेटनच्या बंदुकांच्या दुकानात तिने तिसरं पिस्तूल कमरेला लावून पाहिलं. स्वेटरखाली ते जराही दिसेना.

"हेच दे," ती म्हणाली.

"दिसण्याचं सोडा, काकू," क्लेटन म्हणाला. "रविवारी चर्चमध्ये गळाभेट घेताना ते समोरच्याच्या हाताला लागतं. म्हणून मिठी एका खांद्यानेच मारायची, तिरकी. ही अशी."

त्याने मारून दाखवली आणि वर्ना जागीच थबकली. चर्चमधली माणसं दोन वर्षं तिला अशीच अर्धी मिठी मारत होती, आणि घटस्फोटामुळे आपण नकोशा झालो, असं धरून ती घरी येऊन रडत होती.

"आपल्या चर्चमधल्या किती जणांनी नेलंय रे तुझ्याकडून?"

"तुम्ही शेवटच्या, काकू."