जहाजावरचा पाहुणा

"गुलाबसोबत जहाजावर मीही होतो," दारातल्या केस पिकलेल्या पाहुण्यानं शहरी मराठीत सांगितलं आणि सत्यशीलाची नजर भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे गेली.

नवरा तापानं गेला, त्याचं आज पुण्यानुमोदन. दुपारी विहारात सभा. नेव्हीतला गुलाब, तिचा नवरा, म्हणजे चामोर्शीकडच्या या गावाची शान. आता हा माणूस फोटो पाहील आणि चारचौघांत म्हणेल, हा गुलाब नव्हेच.

आणि नव्हताच तो. लग्नाच्या आठव्या दिवशी नवऱ्यानंच तिला सांगितलं होतं. तो श्रावण, भंडाऱ्याकडचा, मागंपुढं कोणी नसलेला. खरा गुलाब वादळात समुद्रात पडला, सापडलाच नाही. त्याची ट्रंक पोचवायला श्रावण आला. गुलाबची माय केसरबाई डोळे गेल्यावर माजरी गाव सोडून इथं बहिणीकडे राहायला आलेली. तिचा पोरगा तान्हा असल्यापासून बहिणीनंही पाहिला नव्हता, गावात तर कोणीच नाही. पाहुण्याचे पाय धुतल्याशिवाय त्याला बोलू द्यायचं नाही, ही म्हातारीची रीत. जहाजावरून कोणी आलं हे ऐकताच ती तांब्या घेऊन चाचपडत आली, पाय धुतले आणि धुता धुता रडली. "आला का रे बाप्पा?" आता अशा बाईला काय सांगणार, कपाळ? श्रावणची जीभच उचलली नाही. आज सांगीन, उद्या सांगीन करता करता वीस वर्षं गेली, चौऱ्याऐंशी साल उजाडलं.

पाहुणा नवऱ्याच्या आणि केसरबाईच्या हार घातलेल्या फोटोंपुढं उभा राहिला, तो हलेचना. सत्यशीलानं पदर दातात धरला.

"आई कधी गेल्या?" त्यानं विचारलं.

"तीन वर्षं झाले, भाऊ."

"सुखात होत्या?"

"यायच्याच मांडीवर गेल्या. एक दिवस यायनं त्यायले उपाशी ठेवलं नाई."

पाहुण्यानं मान हलवली. "सभेत मी दोन शब्द बोलेन."

नको म्हणावं तर गावाला संशय. त्याचं नाव विचारायचीही तिला हिंमत झाली नाही. विहारात ती जीव मुठीत धरून बसली. मेलेल्या माणसाची अब्रू, आणि तीही आता या परक्याच्या जिभेवर.

सरपंच रामाजीभाऊंनंतर पाहुणा उठला.

"या माणसाबद्दल एक खरी गोष्ट सांगतो."

सत्यशीलानं डोळे मिटले.

"आईची अशी सेवा हजारांत एखादा करतो. मला नाही जमली. असा मुलगा प्रत्येक आईला मिळो."

एवढंच बोलून तो खाली बसला. बायांनी डोळे पुसले. सत्यशीलाला हुंदका आवरेना.

लोक पांगल्यावर ती त्याला वाटेला लावायला धानाच्या बांध्यांपर्यंत गेली. इथं ऐकायला कोणी नव्हतं.

"तुमाले सगळं माईत होतं ना, भाऊ? तरी बोलले नाई. लय उपकार झाले."

पाहुणा थांबला. मग बोलला, तेव्हा त्याची शहरी मराठी कुठल्या कुठं गेली होती.

"वैनी, माह्या मायले कुठी माती देली, तेवढं दाखवा मले."