मालिकांचा पेनड्राइव्ह

आई सिएनफुएगोस शहरातल्या आमच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते आणि तिची वेबसाइट मी सांभाळतो. इथल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर तीन दिवस खपून मी साइटची एकेक फाईल, सगळी बुकिंगं, पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. आज जुनी साइट पुसून नवीन सर्व्हरवर चढवायला तो लावला, तर आत तुर्की मालिकेचे चाळीस भाग.

"आई, माझ्या फायली कुठायत?"

"या आठवड्याच्या मालिका दुकानातून भरून आणायला नेला होता तो. जागा पुरेना, म्हणून दुकानदाराला तुझ्या काढायला सांगितल्या."

"अगं, निदान बघायचंस तरी काय आहे ते."

"न बघता कशी काढीन, ओस्मानी? आधी टीव्हीला लावून बघितलं. तुझी एकसुद्धा फाईल चालत नव्हती."