बाहुलीच्या नावाचा रिपोर्ट

"नाव?" खिडकीमागच्या नर्सने विचारलं.

सतरा वर्षांच्या त्या मुलीने बाहुलीचं नाव सांगितलं. सोमवारी तपासणीला आली तेव्हा खोटं नाव ऐन वेळी सुचेना, म्हणून लहानपणच्या बाहुलीचंच ठोकून दिलं होतं. जन्मतारीख मात्र घाबरून खरीच तोंडातून निघून गेली. दोन बस बदलून ती शहराच्या या टोकाच्या दवाखान्यात आली होती, कारण आई घराजवळच्या मोठ्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे जाणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं.

आईच्या कानावर गेलं तर? दूध उतू गेलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई ती. मंगळवारी संध्याकाळी तर हिच्या हातून आईचा आवडता कप फुटला. आता आपली धडगत नाही, असं तिला वाटलं. पण आई नुसतं "राहू दे" म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी तिला पुढ्यात बसवून केस विंचरून दिले. मुलगी अंग चोरून बसली होती.

रिपोर्ट न्यायला जायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. मग काल जेवताना आईने आपल्या कामाचं रडगाणं लावलं.

"पोरी तपासायला येतात आणि भीतीने रिपोर्टच नेत नाहीत गं. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं अंगावर काढतात. पुढे मूल होईना की रडत बसतात."

म्हणून आज ती आली होती.

नर्सने तिला आत घेऊन दार लावलं. "संसर्ग आहे. शरीरसंबंधातून होतो हा. सात दिवस गोळ्या घे, एकही चुकवू नकोस. बरा होईल. आणि त्या मुलालाही पाठवून दे."

मुलीला रडूच फुटलं. "आईला नाही ना कळणार?"

"आमच्याकडून नाही. नमुने मोठ्या लॅबमध्ये जातात, पण तिथेही नुसतं नाव आणि जन्मतारीख दिसते."

तिने घाईघाईने नर्सने दिलेलं पाकीट फोडलं. रिपोर्टच्या खाली तपासणाऱ्याची सही होती, तारीख मंगळवारची. तीच सही तिच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर होती, पालकांच्या रकान्यात.