ठिपका नसलेलं नाव

“झालं का तुमचं ते? की अजून घोळच?” शिंपीकाका जिन्यातूनच ओरडले.

बंदर कार्यालयात कॉम्प्युटरवरच्या अक्षरांचं काम बघणाऱ्या फॉन्टवालीने मान वर केली नाही. दर मंगळवारचं होतं हे. काकांचा आवाज असा, की खाली फाटकाशी बाकावर विणत बसलेल्या काकूंनाही शब्दन् शब्द ऐकू जावा. काकूंना जिने झेपत नसत.

“अजून नाही हो, काका.”

“कसला कपाळाचा कॉम्प्युटर हा! साधा ठिपका दाखवता येत नाही!”

पडद्याकडे ते बघतही नसत. चष्मा खिशातच असायचा.

शेजारच्या देशाच्या किनाऱ्याजवळ बोट बुडाली, तिच्यात काकांची मुलगी होती. मृतांना तिकडेच एकत्र पुरलं. त्यांच्या कागदपत्रांवरची नावं तेवढी इकडे आली आणि बाहेरच्या मोठ्या पडद्यावर लागली. मुलीचं नाव त्यांत होतं, आणि नव्हतंही. तिच्या आजोबांनी हौसेने नावातलं अक्षर जुन्या वळणाचं ठेवलं होतं, जास्तीच्या ठिपक्याचं. तसं नाव गावात दुसरं नव्हतं. पडद्यावर होतं ते बिनठिपक्याचं.

“ती आमची नव्हेच,” काका ठणकावून सांगत.

फॉन्टवालीने त्यांना समजावलं होतं. कॉम्प्युटर दोन्ही अक्षरांना एकच नंबर देतो. त्यातलं कुठलं रूप हवं, ते सांगणारी बारीक खूण नंबरामागे जोडलेली असते. इथली जुनी यंत्रणा ती खूणच गिळून टाकते.

“म्हणजे सदरा आला, बटण गायब,” काका म्हणाले होते. “मग लावा की बटण!”

तिला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. साहेब म्हणाले, नसत्या भानगडीत पडू नकोस. तरी ती पडली. जेवणाची सुट्टी सोडून खटपट करत राहिली. काय ते एकदा कळू दे बिचाऱ्यांना, असं तिला वाटे. शेवटी जमलं, पण अजून फक्त तिच्या मशीनवर.

पुढच्या मंगळवारी काका आले तेव्हा तिने खुर्ची पुढे केली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. नावात ठिपका होता.

“काका...” तिने नावावर बोट ठेवलं.

काकांनी खिशातून चष्मा काढलाच नाही.

“बाहेरच्या पडद्यावर आलंय हे?” त्यांनी विचारलं. इतका हळू आवाज तिने त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“नाही. उद्या चढवणार आहे.”

“नको चढवूस, पोरी.”

“अहो, पण तुम्हीच तर...”

काका उठले. जिन्याशी थांबून त्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि नेहमीसारखे ओरडले, “कुठलं काय! घोळ तसाच आहे यांचा! आपली नव्हेच ती!”

खालून काकूंचा आवाज आला, “मग चला लवकर. लोकर संपलीय, थंडीच्या आत लेकीचा स्वेटर व्हायला हवा.”